धातूचे कण, कार्बनचा आधार आणि कृत्रिम इंधन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील कृत्रिम इंधनांवरील लेखात असे म्हटले होते की, कार्बनवर बसवलेल्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांच्या मदतीने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन या दोन वायूंपासून डिझेल बनवता येते. त्या विधानावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कापूस निघाल्यावर आमच्याकडे पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवतात किंवा शेतातच पेटवून देतात. या पऱ्हाट्यांपासून डिझेल काढणारे लहान यंत्र गावात बसवून देतो, त्यात नॅनो धातू असल्यामुळे बाहेरून ऊर्जा लागत नाही, असे सांगून एक गृहस्थ आमच्या भागात शेतकऱ्यांकडून आगाऊ रक्कम मागत आहेत. यात तथ्य किती आहे?
— एक शेतकरी, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : आगाऊ रक्कम कृपया देऊ नये. पऱ्हाटीपासून डिझेल बनू शकते हे खरे आहे, परंतु ते गावातल्या लहान यंत्रात आणि बाहेरची ऊर्जा न घेता बनते, हे खरे नाही. खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खोटी गोष्ट विकली जात असल्यामुळे दोन्ही वेगळ्या करून सांगणे मला आवश्यक वाटते.

पऱ्हाटी प्रथम वाळवून बारीक करावी लागते आणि नंतर ७०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाला, पूर्ण जळणार नाही इतक्याच ऑक्सिजनमध्ये आणि वाफेमध्ये तिचा वायू करावा लागतो. या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात, पण त्यांच्यासोबत डांबरासारखी चिकट द्रव्ये, राख, क्लोरिन आणि गंधक यांची संयुगेही येतात. गंधकाचा अंशसुद्धा धातूच्या कणांवर कायमचा बसून त्यांना निकामी करतो, म्हणून हा वायू अत्यंत काटेकोरपणे स्वच्छ करावा लागतो. त्यानंतर तो वातावरणाच्या २० ते ३० पट दाबाखाली, २०० ते २४० अंश तापमानाला कोबाल्ट या धातूच्या उत्प्रेरकावरून, म्हणजे अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावरून, सोडला की लांब साखळीचे हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे, तयार होऊ लागतात. जर्मनीतील म्युलहाइम येथे फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यास ही प्रक्रिया शोधली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्ग येथे १९५५ पासून कोळशापासून या मार्गाने इंधन निघू लागले. कतारमधील पर्ल प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. तो नैसर्गिक वायूपासून रोज सुमारे १,४०,००० पिंपे द्रव उत्पादने काढण्याच्या क्षमतेचा आहे. हे कारखाने एवढे प्रचंड असण्याचे कारण हौस नाही. ऑक्सिजन वेगळा करणे, वायू शुद्ध करणे, दाब देणे आणि अभिक्रियेतील उष्णता सतत काढून घेणे हा सारा खर्च लहान प्रमाणावर परवडत नाही. एक किलो इंधन तयार होताना सुमारे १२ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेने ३५ लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ती वेळेवर काढली नाही तर उत्प्रेरक तापतो, डिझेलऐवजी मिथेन बनू लागतो आणि थोड्या वेळात उत्प्रेरक कायमचा खराब होतो.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. एक किलो कोरड्या पऱ्हाटीत सुमारे १६ ते १७ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक किलो डिझेलमध्ये सुमारे ४३. काहीही वाया गेले नाही तरी एका किलो डिझेलसाठी अडीच किलोहून अधिक पऱ्हाटी लागेल, आणि प्रत्यक्षात वाटेत निम्म्याहून अधिक ऊर्जा खर्च होत असल्याने पाच-सहा किलो किंवा त्याहूनही जास्त लागते. उत्प्रेरक, मग तो नॅनो असो वा नसो, ऊर्जा देत नाही. कोणती अभिक्रिया लवकर घडावी आणि कोणती घडू नये, एवढेच तो ठरवतो. ‘उत्प्रेरकामुळे ऊर्जा लागत नाही’ असे जो सांगतो, त्याला उत्प्रेरक म्हणजे काय हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही तो ते लपवत आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. असा वायू दाबाखाली भरलेले यंत्र गोठ्याशेजारी किंवा शेडमध्ये, गळतीची सूचना देणाऱ्या यंत्रणेशिवाय ठेवणे म्हणजे मृत्यूला जागा करून देणे होय.

जाता जाता एक विनंती करतो. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. डिझेलची वाट पाहत त्या साठवून ठेवण्यापेक्षा हंगाम संपताच यंत्राने त्यांचा भुगा करून कुजवणे आज अधिक हिताचे आहे.

प्रश्न : धातूचे कण नॅनो आकाराचे करण्याने नेमके काय साधते, आणि ते कार्बनवरच का बसवतात? घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात असतो तोच कार्बन येथे चालेल का? मुलींनी वर्गात विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
— माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : आपल्या विद्यार्थिनींनी या विषयाच्या गाभ्यालाच हात घातला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कोबाल्टच्या पृष्ठभागावर बसतो, तेथे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तुटतो, कार्बनला हायड्रोजन जोडला जातो आणि अशा तुकड्यांना तुकडे जोडत साखळी वाढते. सुटलेला ऑक्सिजन पाणी होऊन बाहेर पडतो. हे सारे पृष्ठभागावरच घडते, त्यामुळे कणाच्या आत दडलेले अणू या कामात भाग घेत नाहीत. एक ग्रॅम कोबाल्टचा एकसंध घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग दीड चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्याच ग्रॅमचे ६ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर पृष्ठभाग सुमारे ११० चौरस मीटर होतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या आकाराच्या कणातील साधारण १६ टक्के अणू पृष्ठभागावर असतात.

मग कण आणखी लहान का करू नयेत, असा प्रश्न मुली लगेच विचारतील आणि तो विचारलाच पाहिजे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कार्बनच्या नॅनोतंतूंवर वेगवेगळ्या आकारांचे कोबाल्टचे कण बसवून याचे उत्तर शोधले. कण साधारण ६ ते ८ नॅनोमीटरहून मोठे असतील, तर पृष्ठभागावरील प्रत्येक अणूचे काम सारखेच राहते. त्याखाली गेले की प्रत्येक अणूची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. वातावरणाच्या ३५ पट दाबाखाली कणांचा आकार १६ नॅनोमीटरवरून २.६ नॅनोमीटरवर आणला, तेव्हा पाच किंवा अधिक कार्बन असलेल्या उपयोगी पदार्थांचे प्रमाण वजनाने ८५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर उतरले आणि मिथेनसारखे हलके वायू वाढले. म्हणजे ‘जितके लहान तितके चांगले’ ही समजूत या अभिक्रियेपुरती चुकीची आहे.

लांब साखळ्या एवढ्या महत्त्वाच्या का, हे आकड्यांतून चटकन दिसते. साखळीला पुढचा कार्बन जोडला जाण्याची शक्यता प्रत्येक टप्प्यावर ०.९ असेल, तर उत्पादनात एक ते चार कार्बनचे वायू वजनाने सुमारे ८ टक्के येतात आणि वीस किंवा अधिक कार्बनचे मेण सुमारे ३९ टक्के येते. हीच शक्यता ०.७ वर आली की वायूंचे प्रमाण ४७ टक्क्यांवर जाते. मेण नंतर हायड्रोजनच्या साहाय्याने तोडून त्याचे उत्तम डिझेल करता येते, पण मिथेनचे पुन्हा डिझेल करायचे म्हणजे मुळापासून सगळे आले. म्हणूनच हे कारखाने आधी मुद्दाम मेण बनवतात.

आता आधाराविषयी. नुसते नॅनोकण २०० अंशांवर ठेवले, तर उन्हात राहिलेले गुळाचे खडे चिकटून जशी त्यांची ढेप होते तसे ते एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठभाग हरवतो. त्यांना दूर दूर बसवून जागच्या जागी धरून ठेवणे हे आधाराचे पहिले काम आहे. ॲल्युमिना, सिलिका आणि टायटानिया (ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडे) हे नेहमीचे आधार आहेत आणि आजचे कोबाल्टवर चालणारे मोठे कारखाने मुख्यतः त्यांवरच अवलंबून आहेत. मात्र ते कोबाल्टशी रासायनिक बंध जोडतात. विशेषतः अतिसूक्ष्म कणांतील काही कोबाल्ट ॲल्युमिनात जणू मुरून जातो आणि हायड्रोजनमध्ये तापवूनही त्याचा धातू होत नाही. कार्बन अशी मिळवणी करत नाही. उट्रेख्टच्या संशोधकांना आकाराचा परिणाम इतका निखळ दिसला तो आधार कार्बनचा होता म्हणूनच. माझ्या मते कार्बनचे सर्वांत मोठे योगदान हेच आहे : त्याने धातूचे खरे वर्तन आधाराच्या प्रभावापासून वेगळे करून दाखवले.

परंतु कार्बनचा अलिप्तपणाच त्याची अडचणही आहे. धातूला धरून ठेवण्यासारखे त्याच्या पृष्ठभागावर काही नसेल तर कण सरकतात. म्हणून तो प्रथम नायट्रिक आम्लात तापवून त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार करतात. मग कोबाल्ट नायट्रेटचे द्रावण त्यात मुरवतात, वाळवतात आणि नायट्रोजनमध्ये तापवतात. हवेत तापवले तर आधारच जळून जाईल. शेवटी हायड्रोजनमध्ये तापवून ऑक्साइडचा धातू करतात. याच ज्वलनशीलतेमुळे, वापरून निकामी झालेल्या उत्प्रेरकावरील काजळी हवेत जाळून त्याला पुन्हा ताजे करण्याची सोय कार्बनच्या बाबतीत राहत नाही. उलट बाजूने पाहिले, तर आयुष्य संपल्यावर आधार जाळून महाग धातू परत मिळवणे मात्र सोपे जाते.

पाण्याच्या यंत्रातील कार्बन बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो आणि त्याची बहुतेक छिद्रे २ नॅनोमीटरहून अरुंद असतात. पाण्यातील लहान रेणू टिपायला ती उत्तम आहेत. मेणाच्या लांब साखळ्या मात्र त्यांत अडकून वाट बंद करतात आणि ६ नॅनोमीटरचा धातूकण तर त्यांत मावतही नाही. कूळ एकच असले तरी हा कार्बन या कामाला योग्य नाही. येथे काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर रुंदीची मोकळी छिद्रे लागतात.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवताना भरपूर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेत सोडण्याऐवजी त्याचे इंधन करता येईल का?
— आसवनीतील रसायनतज्ज्ञ, जि. धाराशिव

उत्तर : आपला कच्चा माल चांगला आहे. आंबवण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बॉयलरच्या धुरातील वायूपेक्षा कितीतरी शुद्ध असतो आणि एक किलो इथेनॉलमागे तो जवळपास तितकाच, म्हणजे सुमारे ०.९६ किलो निघतो. धातूच्या निवडीचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. कोबाल्टवर कार्बन डायऑक्साइडपासून बहुतांशी मिथेनच बनतो. लोहाचे मात्र अभिक्रियेच्या वातावरणात लोह कार्बाइड आणि ऑक्साइड अशा रूपांत रूपांतर होते, आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे कार्बन मोनॉक्साइड करणे व त्याची साखळी वाढवणे ही दोन्ही कामे एकाच कणावर होऊ शकतात. कार्बनच्या आधारावर हे कार्बाइड ॲल्युमिनापेक्षा सहज तयार होते.

खरी अडचण हायड्रोजनची आहे. कार्बन डायऑक्साइड हा जळून संपलेला पदार्थ आहे, त्यात वापरण्याजोगी ऊर्जा उरलेली नाही, आणि ती सगळी हायड्रोजनच्या रूपाने घालावी लागते. एक किलो इंधनासाठी सुमारे ०.४३ किलो हायड्रोजन लागतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन काढायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणजे एक किलो इंधनामागे केवळ हायड्रोजनसाठीच २१ ते २४ युनिट खर्च झाली. त्या एक किलो इंधनात ऊर्जा असते सुमारे १२ युनिट, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनातून तिच्यातील एक तृतीयांशाच्या आसपास चाकापर्यंत पोहोचते. तीच वीज थेट पंपाला किंवा मोटारीला दिली तर कितीतरी अधिक काम होईल. ज्या विमानांना बॅटरी झेपत नाही त्यांच्यासाठी हा खर्च समजण्यासारखा आहे. फिशर-ट्रॉप्श मार्गाने केलेल्या विमान इंधनाला ५० टक्क्यांपर्यंत मिसळण्याची आंतरराष्ट्रीय मानकात २००९ पासून मान्यताही आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरसाठी मात्र मी हा मार्ग सुचवणार नाही.

पाण्याचाही विचार करावा लागेल. एक किलो इंधनासाठी विद्युत अपघटनात जवळपास ४ लिटर अतिशुद्ध पाणी लागते. अभिक्रियेत अडीच लिटरच्या आसपास पाणी परत मिळते खरे, पण ते सेंद्रिय आम्ले आणि अल्कोहोलमिश्रित असल्याने शुद्ध करावे लागते, आणि शीतकरणाचे पाणी वेगळेच. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो आपला शेजारचाच जिल्हा आहे. शिवाय बगॅसवरची वीज गाळप हंगामापुरती असते आणि सौरऊर्जा दिवसापुरती. एवढे महागडे विद्युत अपघटन संच उरलेला काळ रिकामे ठेवणे परवडत नाही. तूर्त हा वायू शुद्ध करून शीतपेये आणि कोरडा बर्फ यांसाठी विकणे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रश्न : कोबाल्ट महाग आहे, लोह स्वस्त. आमच्याकडे सळई लाटताना लोखंडावरची पपडी रोज ढिगाने निघते. तिचा उत्प्रेरक होईल का?
— सळई कारखान्यातील पर्यवेक्षक, जालना

उत्तर : होतो, आणि मोठ्या प्रमाणावर झालेलाही आहे. दक्षिण आफ्रिकेतील सेकुंडा येथे ३०० ते ३५० अंशांवर चालणाऱ्या प्रक्रियेसाठी लागणारा लोह-उत्प्रेरक पोलाद कारखान्यांतील अशाच पपडीत पोटॅशियम आणि इतर पुरके घालून, ती वितळवून आणि दळून बनवत आले आहेत. त्याला कार्बनचा आधार नसतो. कार्बन नॅनोतंतूंवर लोहाचे बारीक कण बसवून त्यांना सोडियम व गंधक यांची अल्प मात्रा दिली तर इंधनाऐवजी प्लॅस्टिक उद्योगाला लागणारी दोन ते चार कार्बनची ओलेफिने वजनाने ६० टक्क्यांपर्यंत मिळतात, असे २०१२ मध्ये उट्रेख्टच्याच संशोधकांनी दाखवले. म्हणजे जे गंधक कोबाल्टला मारक आहे, तेच येथे मोजून दिल्यास उपकारक ठरते. आपल्या पपडीत मात्र भंगारातून आलेले तांबे आणि यंत्रांचे तेल असते. त्या पपडीचे रासायनिक पृथक्करण केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तुराटीपासून कार्बन करून त्यावर कोबाल्टचे कण बसवण्याचा प्रकल्प घेतला आहे. क्ष-किरण विवर्तनाची सोय मिळते, पण उच्च दाबाचे अभिक्रियापात्र नाही. कामाला अर्थ राहील का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पूर्ण अर्थ राहील, फक्त जे मोजता येते त्यावरच दावा करावा.

तुराटीच्या राखेत पोटॅशियम असते. लोहाला ते साखळी वाढवायला मदत करते, पण कोबाल्टची कार्यक्षमता कमी करते. म्हणून कार्बन सौम्य आम्लाने आणि नंतर पाण्याने धुवावा, आणि धुण्यापूर्वी व धुतल्यानंतर राखेचे प्रमाण मोजून दोन्ही आकडे प्रबंधात द्यावेत. छिद्रे रुंद करण्यासाठी फॉस्फोरिक आम्ल वापरणार असाल तर फॉस्फरसचा अंश मागे राहतो, त्याचीही नोंद असावी.

कणांचा आकार विवर्तन रेषेच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने काढता येईल, परंतु येथे सांभाळून राहा. कोबाल्ट धातूची मुख्य रेषा ४४ अंशांच्या कोनाजवळ येते आणि कार्बनचा एक पसरट उंचवटाही ४३ अंशांच्या आसपासच असतो. शिवाय तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरल्यास कोबाल्ट स्वतःच क्ष-किरण उत्सर्जित करून पार्श्वभूमी वाढवतो. नमुन्यात कोबाल्टचे Co₃O₄ हे ऑक्साइड, म्हणजे चार ऑक्सिजनमागे तीन कोबाल्ट असलेले संयुग, दिसत असेल तर त्याची ३६.८ अंशांवरील रेषा वापरून आकार काढावा आणि त्याला ०.७५ ने गुणावे. ऑक्साइडचा धातू होताना कण तेवढा आकसतो. अतिशय लहान कण विवर्तनात दिसतच नाहीत, म्हणून निदान दोन नमुने विद्यापीठाच्या मदतीने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावेत आणि शंभर-दोनशे कण मोजून सरासरीबरोबर आकारांचा पसाराही द्यावा.

पॅरा-नायट्रोफेनॉलचे बोरोहायड्राइडने क्षपण ही चाचणी कॉलेजांत सहज होते आणि पुष्कळ प्रबंधांत दिसते. ती करण्यास हरकत नाही, मात्र तिच्यावरून इंधननिर्मितीबद्दल निष्कर्ष काढू नये, कारण त्या अभिक्रियेत कार्बनची साखळी वाढतच नाही. कार्बन मोनॉक्साइडचे सिलिंडर धूर खेचणारी यंत्रणा आणि गळतीसूचक नसलेल्या खोलीत आणू देऊ नका, प्रकल्प मागे पडला तरी चालेल. उच्च दाबाची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या, उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थेत करून मिळते का, हे मार्गदर्शकांकरवी विचारावे. तेथे नमुने पाठवाल तेव्हा धातू नसलेला, पण तशीच सर्व प्रक्रिया केलेला कार्बन आणि कोबाल्ट बसवलेला पण फक्त हायड्रोजनमध्ये तपासायचा नमुना, असे दोन्ही सोबत पाठवावेत. कारण कोबाल्टच्या सान्निध्यात आधाराचा स्वतःचा कार्बनही हायड्रोजनशी संयोग पावून थोडा मिथेन देतो, आणि तो वजा केला नाही तर तुराटीचा कार्बन आहे त्याहून अधिक मिथेन बनवणारा दिसेल.